वाचकांचे प्रश्न : हॉल घुमतो, आवाज विरतो

प्रश्न : आमच्या सोसायटीचा हॉल 12 मीटर लांब, 8 मीटर रुंद आणि साडेतीन मीटर उंच आहे. खाली फरशी, वर स्लॅब, भिंतींना गिलावा. माईकवर काय बोलतात ते कळतच नाही. भिंतींना अंड्यांचे ट्रे लावू का?

उत्तर : ट्रे नकोत. कागदाच्या लगद्याचा तो पातळ पत्रा फक्त वरच्या पट्टीतला आवाज थोडासा पितो. बोलण्याचा खालचा भाग घुमतच राहतो, आणि ठिणगी पडली तर ट्रे पेट घेतात ते वेगळंच.

आधी हिशेब करा. घुमण्याचा काळ म्हणजे आवाज 60 डेसिबलने उतरायला लागणारा वेळ. 0.161 ला हॉलच्या घनमीटरमधल्या घनफळाने गुणायचं आणि एकूण शोषणाने (पृष्ठभागाचं चौरस मीटरमधलं क्षेत्रफळ गुणिले तो आवाजाचा जितका भाग पितो तो) भागायचं, की तो सेकंदांत मिळतो. हे सूत्र अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबाइन यांचं. हार्वर्डमधलं एक घुमणारं व्याख्यानगृह सुधारायचं काम 1895 मध्ये त्यांच्याकडे आलं, तेव्हा त्यांनी दुसऱ्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून टाकल्या आणि दर वेळी काळ मोजला. तुमच्या हॉलचं घनफळ 336 घनमीटर आहे. फरशी, स्लॅब आणि भिंती मिळून 332 चौरस मीटर होतात. असे टणक पृष्ठभाग आवाजाचा जेमतेम 3 टक्के भाग पितात, म्हणजे शोषण साधारण 10. भागाकार केला की 5 सेकंदांच्या वर उत्तर येतं. भाषण कळायला 1 सेकंदाच्या आसपास हवा, त्यासाठी शोषण 54 लागेल. बसलेला माणूस शोषणात साधारण 0.4 ची भर घालतो, त्यामुळे साठ माणसं आली की 24 ची भर पडते आणि काळ दीड सेकंदाच्या जवळ येतो. भरलेला हॉल बरा वाटतो तो यामुळे.

उरलेले 20 भिंतीवर मिळवायचे. 50 मिलिमीटर जाडीचं, घनमीटरला 48 किलो घनतेचं ग्लास वूल घ्या. 1.2 बाय 0.6 मीटरच्या तीस लाकडी चौकटी पुरतील. त्या भिंतीला चिकटवू नका, मागे 50 मिलिमीटर पोकळी ठेवा. हवेचे कण भिंतीलगत जवळजवळ स्थिर असतात. वूल भिंतीपासून सुटलं की त्याच जाडीत खालचे सूरही जास्त शोषले जातात. वरून मांजरपाट ताणा. कापड तोंडाला लावून फुंकर आरपार गेली तर ते चालेल. रेक्झिन लावलं किंवा कापडावर ऑइलपेंट मारला तर सगळा खर्च पाण्यात. वूल हाताळताना हातमोजे आणि मास्क हवेतच.

चौकटी आधी स्टेजसमोरच्या मागच्या भिंतीवर लावा, मग लांब भिंतींपैकी एकीवर, बसलेल्याच्या कानाच्या उंचीपासून वर. रिकाम्या हॉलच्या मध्यावर एक टाळी वाजवा. ‘टर्रर्र’ ऐकू आलं तर आवाज समोरासमोरच्या उघड्या भिंतींत आपटतोय, तिथे आणखी दोन-चार चौकटी द्या. माईकचा आवाज वाढवून मात्र काही साधत नाही. घुमाराही तितकाच वाढतो.

प्रश्न : मंडपात दोन बाजूंना दोन बॉक्स लावले. मधोमध बसलेल्यांना आवाज पोकळ येतो, बाजूला सरकलं की ठीक. बॉक्स खराब आहेत का?

उत्तर : बहुधा एका बॉक्सच्या तारा उलट्या जोडल्या गेल्यात. एकाचा कोन (आत-बाहेर हलून आवाज काढणारा शंकूसारखा पडदा) बाहेर येताना दुसऱ्याचा आत जातो, आणि जिथे दोन्ही बॉक्स सारख्या अंतरावर आहेत तिथेच लाटा एकमेकींना खातात. खालचे सूर आधी जातात. तपासायला बॉक्स अॅम्प्लिफायरपासून सोडवा, पुढची जाळी काढा आणि दीड व्होल्टच्या सेलची धन बाजू बॉक्सच्या लाल टोकाला आणि ऋण बाजू काळ्या टोकाला क्षणभर टेकवा. दोन्ही बॉक्सचे मोठे कोन एकाच दिशेला उडी मारायला हवेत. ज्यात अॅम्प्लिफायर आतच बसवलेला असतो, त्या बॉक्सवर हे करू नका.

तारा बरोबर असतील तरी काही खुर्च्या वाईट निघणारच. 500 हर्ट्झच्या सुराची तरंगलांबी सुमारे 69 सेंटिमीटर असते. दोन बॉक्सपासूनच्या अंतरांत 35 सेंटिमीटरचा फरक पडला की तो सूर तिथे दबतो. दुसऱ्या सुराची जागा दुसरी. नुसत्या भाषणासाठी मधोमध उंचावर एकच बॉक्स चांगला. मंडपवाल्याला ते पटवणं हे वेगळं काम.

प्रश्न : मिरवणुकीतल्या डीजेचे शब्द खिडकी लावली की थांबतात, ‘धम्म धम्म’ मात्र येतंच. थर्माकोल लावावा का?

उत्तर : थर्माकोल हलका असतो, तो आवाज अडवत नाही. अडवायला वजन लागतं : वजन दुप्पट केलं तर फार तर 6 डेसिबलने आवाज उतरतो. 50 हर्ट्झच्या ठोक्याची लाट जवळजवळ 7 मीटर लांब असते. दोन मीटरचं कंपाउंड ती सहज वळसा घालून ओलांडते आणि काचेलाही थरथरवते. म्हणून ठोका जाईल अशी आशा धरू नका. शब्द आणि झांजा यांच्यासाठी फटी बुजवा. खिडकीच्या क्षेत्रफळाच्या 1 टक्का फट राहिली तर काच कितीही जाड असो, 20 डेसिबलपेक्षा जास्त फरक पडत नाही. सरकत्या खिडक्यांचे झिजलेले ब्रश आधी बदला.

प्रश्न : विजापूरच्या गोल घुमटात कुजबुज पलीकडे ऐकू येते, पण जोरात बोललं तर काहीच कळत नाही. हे उलटं कसं?

उत्तर : कुजबुजीत वरचे सूर जास्त असतात आणि त्यांच्या लाटा आखूड. भिंतीच्या कडेने तोंड करून कुजबुजलात तर त्या गोलाईला घासत, थोड्या थोड्या वळत पुढे जातात, मोकळ्या हवेइतक्या पसरत नाहीत. जोरात बोललात की आवाज थेट समोर जातो. घुमटाचा आतला व्यास सुमारे 38 मीटर आहे, म्हणजे जाऊन-येऊन 76 मीटर, साधारण 0.22 सेकंद. आपण सेकंदाला चार-पाच अक्षरं बोलतो. प्रत्येक अक्षरावर आधीच्या अक्षराचा पडसाद येऊन आदळतो, त्याच्याही आधीचे पडसाद अजून विरलेले नसतात.