श्वासनलिका कापल्यावरची दुसरी ट्यूब

व्हेंटिलेटरनंतर श्वासनलिका अरुंद झालेला रुग्ण आहे, तो भाग कापून टोकं जोडायची आहेत, तोवर श्वास कसा चालू ठेवायचा, असं तुम्ही विचारलंय. रिजिड ब्रॉन्कोस्कोप (श्वासनलिकेत घालायची ताठ दुर्बीण) हाताशी ठेवून भूल देणं वगैरे तुम्हाला ठाऊकच असेल, ते सोडतो. सीटी न बघता लिहितोय, अंतिम निर्णय तुमच्या टीमचाच.

घोळ होतो तो नलिका कापल्यावर. तोंडातली ट्यूब मागे घ्यायची आणि सर्जनने कापलेल्या नलिकेच्या खालच्या तोंडात निर्जंतुक फ्लेक्सोमेटॅलिक (तारेचं वेटोळं असलेली, सहज न दुमडणारी) ट्यूब घालायची, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण ट्यूबचा कनेक्टर सर्किटला, म्हणजे भूल-यंत्राच्या नळ्यांना, बसत नाही हे त्या क्षणी कळून उपयोग नाही. 5.5, 6 आणि 6.5 मिलिमीटर (आतला व्यास) अशा तिन्ही ट्यूबा आणि निर्जंतुक सर्किट चीर देण्याआधी उघडा, कफ (ट्यूबभोवतीचा फुगा) फुगवा, जोडून बघा. आमच्या स्टोअरला हे कधी पटत नाही. तीन मागितल्या की एकच मंजूर, वर ‘बाकीच्या वाया जातात’ हा शेरा. अशा वेळी लेखी भांडा.

प्रौढाची श्वासनलिका जेमतेम 10 ते 12 सेंटिमीटर, त्यातली खाली उरते ती आणखी कमी. कफ आत दिसेनासा झाला की सर्जनला थांबवा, नाहीतर ट्यूब उजव्या ब्रॉन्कसमध्ये (उजव्या फुफ्फुसाच्या नळीत) जाते. श्वासाचं प्रेशर चढलं, रक्तातलं ऑक्सिजन सॅच्युरेशन उतरू लागलं, तर औषधं शोधण्याआधी ट्यूब एक सेंटिमीटर मागे घ्यायला सांगा.

टाके घालताना ही ट्यूब अधूनमधून काढावी लागते. त्याआधी शंभर टक्के ऑक्सिजन द्या, पण तेव्हा जवळ कॉटरी (विजेने ऊती जाळून रक्तस्राव थांबवायचं साधन) अजिबात नको, आग लागते. भूल प्रोपोफॉलवर (शिरेतून द्यायच्या औषधावर) ठेवा; उघड्या नलिकेतून भुलीचा गॅस थिएटरभर पसरतो. आणि तोंडातली ट्यूब मागे घेण्याआधी तिच्या टोकाला सिल्कचा धागा बांधून घ्या, मागची भिंत शिवून झाली की तिला त्याच धाग्याने खाली आणता येतं. कफ सांध्याच्या खाली जायला हवा, सांध्यावर नको.

जेट (बारीक नळीतून जोराचे झोत देऊन श्वास चालवणं) मला पहिली निवड म्हणून पटत नाही. हवा बाहेर यायला वाट अपुरी पडली की न्यूमोथोरॅक्स (फुफ्फुसाबाहेर छातीत हवा साठणं). वापरलंच, तर छाती पूर्ण खाली बसल्याशिवाय पुढचा झोत देऊ नका.

‘एक्मो (रक्ताला शरीराबाहेर ऑक्सिजन देणारं यंत्र) स्टँडबाय’ हे नुसतं कागदावर लिहून भागत नाही. अडथळा कॅरायनाजवळ (श्वासनलिका दोन फुफ्फुसांकडे फुटते तिथे) असेल आणि ट्यूब पलीकडे जाईल याची खात्री नसेल, तर मांडीतल्या रक्तवाहिन्यांतले कॅन्युला (एक्मोच्या नळ्या) फक्त तेवढी जागा बधिर करून, म्हणजे लोकल देऊन, भूल देण्याआधीच घालावेत. तिथे गळ्याला भोक पाडून काही साधत नाही, अडथळा त्याच्या खाली असतो.