पहिली सायकल: फिक्सी घेऊ की रोड बाईक? आणि देखभाल कितपत?

पुण्यात कोथरूडहून हिंजवडीला आठवड्यातून दोन-तीनदा ऑफिसला जायचंय, रविवारी ग्रुपबरोबर बोपदेव घाट नाहीतर सिंहगड करायचाय, बजेट चाळीस हजारांच्या आत आणि जीव अडकलाय फिक्सीत (एकाच गिअरची सायकल, चाक फिरतं तोवर पेडलही फिरतंच), कारण "गिअरच नाहीत म्हटल्यावर बिघडणार काय?" असं तुमच्या प्रश्नाचं सार मला दिसतं. यातला सिंहगड आणि फिक्सी हे एका सायकलवर जमत नाही, म्हणून माझं मत रोड बाईकला (पातळ टायरची, गिअरवाली वेगवान सायकल). पण नुसतं मत देऊन उपयोग नाही, हिशोबच करून दाखवतो.

फिक्सीला साधारण पुढे ४६ आणि मागे १६ दात्यांचं गिअरिंग असतं. म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक पावणेतीनपेक्षा थोडं जास्त फिरतं आणि सायकल सहा मीटरच्या वर पुढे जाते. सपाट रस्त्यावर झकास: मिनिटाला ९० फेरे मारले की ताशी ३३ किलोमीटर. आता हीच सायकल सिंहगडाच्या चढावर न्या. तिथे नवशिक्याचा वेग आठ-दहावर येतो. दहाचा वेग धरला तरी पेडल मिनिटाला २७ फेरे फिरणार, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला उभं राहून अख्खं वजन पेडलवर टाकायचं. गुडघे तक्रार करतात, आणि खरोखर करतात. रोड बाईकवर पुढे ३४ आणि मागे ३२ दाते लावले तर त्याच वेगाला ७०च्या वर फेरे पडतात. दम लागेल, पण पाय फिरत राहतील.

उतारावर गंमत उलटी होते. फिक्सीला फ्रीव्हील (पेडल थांबवलं तरी चाक फिरू देणारी यंत्रणा) नसतं, चाक फिरतंय तोवर पेडल फिरणार. बोपदेव उतरताना वेग ५०वर गेला की पाय मिनिटाला १३५ फेरे मारतायत, तुमची इच्छा असो वा नसो. पाय थांबवायला गेलात तर पेडल तुम्हाला सीटवरून उचलतं. हा प्रकार मुळात व्हेलोड्रोमचा, म्हणजे सायकल शर्यतींच्या ट्रॅकचा. तिथे चढ-उतार, सिग्नल, आडवी येणारी म्हैस यातलं काहीच नसतं.

आणखी एक. आपल्याकडे फिक्सी म्हणून ज्या दाखवल्या जातात, त्यातल्या बऱ्याच साध्या सिंगल स्पीड असतात, म्हणजे गिअर एकच, पण फ्रीव्हील असलेल्या. दुकानात मागचं चाक उचलून हाताने पुढे फिरवा. पेडल सोबत फिरलं तर फिक्स्ड. नुसतं टिकटिक वाजलं तर फ्रीव्हील, म्हणजे आजोबांच्या काळ्या अ‍ॅटलसचंच यंत्र, हँडल तेवढं आडवं. ते वाईट अजिबात नाही! सपाट शहरात रोजच्या वापराला सिंगल स्पीडइतकी बिनकटकटीची सायकल नाही. पण कोथरूडहून निघालं की लगेच चांदणी चौकाचा चढ लागतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता रोड बाईक निवडताना. लोक आधी गिअर बघतात. मी आधी फ्रेमचा साइज बघायला सांगेन. सायकलच्या आडव्या दांडीवर दोन्ही पाय जमिनीला टेकवून उभे राहा, मध्ये दोन-तीन सेंटिमीटर जागा हवी. मग भिंतीला पाठ लावून, दोन पायांमध्ये पुस्तक घट्ट वर दाबून, जमिनीपासून पुस्तकापर्यंतची उंची मोजा. त्याला ०.८८३ने गुणलं की सीटचा माथा क्रँकच्या मध्यापासून (पेडलचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात तिथून) किती उंच हवा ते साधारण मिळतं. सुरुवातीला एखादा सेंटिमीटर खाली ठेवलं तरी चालतं. "हाच साइज स्टॉकमध्ये आहे, सीट वर-खाली करून देतो" असं दुकानदार म्हणाला तर सरळ दुसरं दुकान गाठा. सीटने उंची सुधारते, हँडलपर्यंतचं अंतर सुधारत नाही. मान आणि खांदे त्यानेच धरतात.

दुसरी गोष्ट टायर. आपल्या रस्त्यांवर २५ एमएमचा टायर म्हणजे प्रत्येक स्पीडब्रेकर मणक्याला कळवणं. २८ तरी हवाच, ३२ बसत असेल तर फारच उत्तम. साध्या रिम ब्रेकच्या (चाकाच्या कडेला घासणाऱ्या) बऱ्याच फ्रेममध्ये २८च्या वर जागा नसते, म्हणून घेण्याआधी ब्रेकखाली किती फट उरते ते डोळ्यांनी बघा. गिअरमध्ये शिमानो कंपनीचा क्लॅरिस हा संच मिळाला तर बस झालं. मागे आठ गिअर, चेन आणि कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा गठ्ठा) स्वस्त, सेटिंगही फार नाजूक नाही. त्याच्या वरचा सोरा बजेटमध्ये बसला तर घ्या, पण त्यासाठी साइजशी तडजोड नको. कार्बन फोर्क (पुढचं चाक धरणारा कार्बनचा चिमटा) आहे की नाही याचा विचार शेवटी.

सेकंडहँड बघत असाल तर रिमच्या ब्रेक घासतो त्या पट्ट्यावरून बोट फिरवा. आत खोलगट लागलं तर चाक संपत आलंय, तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्या. फ्रेमचे सांधे, विशेषतः हँडलजवळचे आणि क्रँकजवळचे, उजेडात नीट बघा. रंगाला केसासारखी रेघ दिसली तर ती सायकल सोडा.

देखभालीची धास्ती घेऊ नका. नव्वद टक्के देखभाल हवा आणि चेन यातच संपते. २८च्या टायरला सत्तर किलोच्या माणसाने ७५-८० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरावी, आठवड्यातून एकदा. रोड बाईकला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो आणि कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याच्या पंपाला तो बसत नाही, म्हणून पितळी अ‍ॅडॅप्टर सीटखालच्या पिशवीत कायम ठेवा. घरी मीटरवाला उभा पंप ही सायकलनंतरची पहिली खरेदी. क्लीटचे (पेडलला अडकणारे) बूट, जर्सी वगैरे सगळं त्याच्या मागून.

चेनला तेल घालण्याची आपली सवय म्हणजे धार धरून ओतायचं. तसं नको. आधी फडक्याने चेन पुसून काढा, मग प्रत्येक रोलरवर (कडीतल्या फिरत्या नळीवर) एकच थेंब, पेडल उलटं फिरवत एक फेरा. दहा मिनिटं थांबा आणि वरचं तेल पुन्हा पुसून टाका, अगदी कोरडं वाटेल इतकं. तेल आत हवं, बाहेर राहिलेलं फक्त धूळ धरतं. पावसाळ्यात भिजून आल्यावर त्याच दिवशी पुसा, कारण पाणी आणि बारीक वाळू मिळून चेनमध्ये पॉलिश पेपरचं काम करतात. प्रेशर गनने सायकल धुऊन घ्यायचा मोह टाळा, बेअरिंगमधलं ग्रीस निघून पाणी आत बसतं.

चेन झिजली की नाही हे स्टीलच्या पट्टीनेही कळतं. नव्या चेनमध्ये पिनच्या मध्यापासून मोजलेल्या २४ कड्या बरोबर १२ इंच, म्हणजे ३०४.८ मिलिमीटर भरतात. तेच अंतर ३०६ आणि थोडं वर गेलं की चेन बदला. तेव्हा टाळाटाळ केलीत तर झिजलेली चेन कॅसेटचे दातेही खाते आणि मग नवी चेन जुन्या दात्यांवर उड्या मारते. खर्च तिथे वाढतो, गिअर असल्यामुळे नाही.

नवी सायकल महिनाभर चालवली की गिअर अडखळायला लागतील, त्याने घाबरू नका. नवी केबल थोडी सैल पडते, बाकी काही नाही. चेन मोठ्या चकतीवर चढायला कुरकुरत असेल तर मागच्या डिरेलरवर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) केबल जिथे आत जाते तिथला नळीसारखा स्क्रू, मागून बघत, घड्याळाच्या उलट्या दिशेने पाव फेरा फिरवा आणि पुन्हा बघा. पण सायकल उजव्या कुशीवर पडल्यानंतर गिअर बिघडले असतील तर या स्क्रूला हात लावू नका. तेव्हा डिरेलरचा हँगर (तो फ्रेमला जिथे टांगलेला असतो ती पट्टी) वाकलेला असण्याची शक्यता जास्त, आणि तो दुकानातच सरळ करून घ्यावा. पेडल काढायची वेळ आली तर डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे ध्यानात ठेवा, नाहीतर क्रँकचे आटे जातील.

एवढं वाचूनही फिक्सीच हवी असेल (असेलच, मला तो मोह माहीत आहे), तर दोन बाजूंचं हब असलेली घ्या: एका बाजूला फ्रीव्हील, दुसऱ्या बाजूला फिक्स्ड कॉग, म्हणजे चाकाला घट्ट जोडलेली दातेरी चकती. चाक उलटं लावलं की सायकल बदलली. पुढचा ब्रेक काढून टाकलेली सायकल कितीही देखणी दिसली तरी रस्त्यावर आणू नका. फिक्स्ड कॉगवर उलट्या आट्यांची लॉकरिंग (कॉग सुटू न देणारी कडी) असते, ती नीट कसलेली हवी. चेनला मधोमध वर-खाली साधारण अर्धा इंच खेळ ठेवा. ४८-१६ असं गिअरिंग नको: ते बरोबर तीन पट येतं, म्हणून स्किड मारताना (पाय रोखून मागचं चाक घसरवताना) मागचा टायर दर वेळी एकाच जागी घासतो आणि तिथेच फाटतो. ४७-१७ला तीच झीज टायरवर १७ ठिकाणी वाटली जाते. आणि फिक्सीची चेन पुसताना चाक फिरतं ठेवून फडकं कधीही लावू नका. फडकं ओढलं गेलं तर बोट सोबत जातं, आणि पेडल धरूनही चाक लगेच थांबत नाही. चाक स्थिर, वीतभर चेन पुसायची, मग हाताने पुढे सरकवायची.

चाकाचा आउट काढणं (वाकडं फिरणारं चाक सरळ करणं) मात्र पहिलं वर्षभर दुकानावर सोडा. स्पोक पिळायची घाई केली की चाक एकीकडे सरळ आणि दुसरीकडे अंडाकृती होतं.