‘सेक्युलर’ म्हणजे निधर्मी नव्हे

प्रश्न असा आहे : ‘अमेरिकेच्या बातम्यांत येणाऱ्या ख्रिश्चन नॅशनॅलिझमला मराठीत ख्रिस्ती राष्ट्रवाद म्हणावं का? आणि त्याला विरोध करणाऱ्या सेक्युलर मंडळींना निधर्मी म्हटलं तर चालेल का?’

पहिल्याचं उत्तर : म्हणा, पण विग्रह नीट करा. ‘ख्रिस्ती माणसाचा राष्ट्रवाद’ असा अर्थ घेतला, तर देशप्रेमाची गाणी लिहिणारे रेव्हरंड ना. वा. टिळकही त्यात बसतील, आणि ते साफ चूक आहे. ‘अमेरिका मुळात ख्रिस्ती राष्ट्र आहे आणि तिथले कायदेही तसेच असावेत’ असा हा वाद आहे. म्हणून मी ‘ख्रिस्तीराष्ट्र-वाद’ असं लिहितो.

दुसऱ्याचं उत्तर : नाही, मुळीच नाही. हा ‘निधर्मी’ ऐकून कान किटले. परवा एका वाहिनीवर अमेरिकेतल्या एका बॅप्टिस्ट (हा प्रोटेस्टंटांचा एक पंथ) पाळकांची मुलाखत लागली होती. समोर उघडं बायबल, मागे भिंतीवर क्रूस, आणि खालच्या पट्टीत त्यांची ओळख : ‘निधर्मी गटाचे नेते’. जो माणूस रोज गुडघे टेकून प्रार्थना करतो, त्याला निधर्मी म्हणायचं?

मुळात ‘सेक्युलर’ हा शब्द चर्चच्याच अंगणात वाढला. जेजुइट किंवा फ्रान्सिस्कन अशा संघात न जाता, बिशपच्या हाताखाली गावातलं चर्च सांभाळणाऱ्या कॅथलिक धर्मगुरूला शतकानुशतकं ‘सेक्युलर’ म्हणत आले आहेत. मठात न राहता जगात राहणारा, एवढाच त्याचा अर्थ.

त्यामागचा लॅटिन शब्द ‘सेक्युलम’. त्याचा अर्थ पिढी, युग. रोमन लोकांचा हिशेब असा, की नगर वसलं त्या दिवशी जन्मलेल्यांपैकी शेवटचा माणूस मरेपर्यंत पहिलं सेक्युलम चालतं, मग दुसरं सुरू होतं. फ्रेंचमध्ये शतकाला ‘सिएक्ल’ म्हणतात, तो याचाच वंशज. बायबलातल्या ‘प्रकटीकरण’ या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात मराठी बायबल म्हणतं ‘युगानुयुग’. लॅटिन बायबलात त्याच जागी आहे ‘इन सेक्युला सेक्युलोरुम’. म्हणजे आपल्याकडचे भाविक ‘युगानुयुग, आमेन’ म्हणतात तेव्हा त्यांच्या ओठांवर ‘सेक्युलर’चाच भाऊ असतो! हे मला सापडलं त्या रात्री मी झोपलो नाही.

आता आणखी खोल जाऊ. ‘सेक्युलम’चा धातू ‘पेरणे’ या अर्थाचा, असं जुने कोशकार सांगतात. मला ते पटत नाही. पेरणीचा आणि माणसाच्या आयुर्मानाचा सांधा त्यांना नीट जोडताच आलेला नाही. दुसरा पक्ष ‘बांधणे’ हा धातू मानतो आणि वेल्श भाषेतला ‘आयुष्य’ या अर्थाचा ‘होइड्ल’ शेजारी ठेवतो. संस्कृतात ‘बांधणे’ याच अर्थाचा धातू ‘सि’, आणि त्यावरून आला आपला ‘सेतु’. मी ठामपणे या बाजूचा आहे. युग म्हणजे एका पिढीला दुसरीशी बांधणारा सेतू! आणि ‘युग’ तरी कुठून आला? ‘युज्’पासून, म्हणजे जोडण्यापासून. दोन दूरच्या भाषांनी काळाला नाव देताना एकच कल्पना वापरली, ही माझी श्रद्धा आहे, आणि ती सोडायला मी तयार नाही.

‘धर्मनिरपेक्ष’ नको, ‘पंथनिरपेक्ष’ म्हणा, असा आग्रह धरणाऱ्यांनाही उत्तर देतो. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने उद्देशिकेत ‘सेक्युलर’ आला. हिंदीत तो ‘पंथनिरपेक्ष’ झाला, मराठीत ‘धर्मनिरपेक्ष’. धर्म म्हणजे कर्तव्य, त्यापासून निरपेक्ष कसं राहणार, असा या मंडळींचा आक्षेप. पण शाळेच्या दाखल्यावर ‘धर्म’ या रकान्यात आपण काय लिहितो? हिंदू, बौद्ध, मुस्लिम, ख्रिस्ती. मराठीने तो अर्थ केव्हाच स्वीकारला आहे. माझी पसंती मात्र ‘इहवादी’ला. इह म्हणजे इथलं, या जगातलं. ‘या युगापुरतं’ हा जुना गाभा त्यात शाबूत राहतो.

अमेरिकेकडे वळतो. चर्च आणि राज्य (म्हणजे सरकार) यांच्यामधल्या भिंतीची उपमा अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांच्या नावावर खपते. 1802 साली डॅनबरीच्या बॅप्टिस्टांना लिहिलेल्या पत्रात ती आहे, हे खरं. पण 1644 मध्येच रॉजर विल्यम्सने ती वापरली होती. तो धर्मोपदेशक, कट्टर भाविक. चर्च ही बाग आणि जग हे रान, मधली भिंत पडली की बागेचं रान होतं, असं त्याचं म्हणणं. भिंत हवी होती ती बाग वाचवायला! आणि अमेरिकेतली शाळकरी मुलं म्हणतात ती ध्वजप्रतिज्ञा 1892 मध्ये फ्रान्सिस बेलामीने लिहिली. तो बॅप्टिस्ट पाळक. त्याच्या मूळ मजकुरात देवाचं नाव नव्हतं. ते 1954 मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, घातलं.

तेव्हा वाहिनीवाल्यांनी त्या पाळकांना ‘चर्च आणि राज्य वेगळं ठेवू पाहणारे’ म्हणावं. चार शब्द जास्त लागतील, पण पट्टीत बसतील.