हप्त्याने घेतलेला प्लॉट नक्की कुणाच्या मालकीचा?

तुम्ही विचारलेला प्लॉटचा व्यवहार असा: निम्मे पैसे आत्ता, उरलेले तीन वर्षांत हप्त्याने थेट मालकालाच, ताबा लगेच, खरेदीखत सगळे पैसे फिटल्यावर. आणि तुमचे मेव्हणे म्हणतात बँकेचं लोन काढलं असतं तरी मालक बँकच झाली असती.

मेव्हण्यांचं आधी निकालात काढू. लोन असलं तरी खरेदीखत तुमच्या नावाने झालं की मालक तुम्हीच, बँकेकडे फक्त गहाण. ओरिजिनल कागद ती ठेवून घेते, बोजा चढवते, आणि हप्ते थकले तर सरफेसी कायद्याने (बँकांच्या थकीत कर्जवसुलीचा कायदा) ६० दिवसांची नोटीस देऊन विकायला काढू शकते. एवढंच.

खरी गोम तुमच्या व्यवहारात आहे. नुसतं साठेखत (पुढे विक्री करून देण्याचा करार) असेल तर ९० टक्के पैसे देऊन, वर घर बांधून राहिलात तरी मालक विकणाराच. साठेखताने फक्त खरेदीखत करून मागायचा हक्क मिळतो. नोटरी केलेला कागद, कुलमुखत्यारपत्र, यानेही मालकी येत नाही, सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये सूरज लॅम्प केसमध्ये साफ सांगितलंय, तरी आपल्याकडे सर्रास चालतं. साठेखत रजिस्टर असेल आणि ताबा त्यावरच मिळाला असेल तर तुम्ही ठरल्याप्रमाणे वागताय तोवर तो तुम्हाला हुसकू शकत नाही, पण ती ढाल आहे, मालकी नाही. मधेच तो वारला तर त्याची बायको, मुलगे, मुली अशा सगळ्या वारसांच्या सह्यांसाठी फिरावं लागेल.

माझं मत विचाराल तर खरेदीखत आत्ताच करा आणि बाकी रक्कम, हप्त्यांच्या तारखा त्यातच लिहा. मालक घाबरेल, साहजिक आहे, पण कायद्याने बाकी पैशांपुरता त्याचा बोजा प्लॉटवर राहतोच. उद्या हप्ता चुकला तर तो वसुलीचा दावा लावेल, पण तेवढ्यासाठी खरेदीखत रद्द होत नाही, सुप्रीम कोर्टाची दहिबेन केस, २०२०.

तो ऐकतच नसेल तर साठेखत रजिस्टर करा, सर्च रिपोर्ट (प्लॉटच्या जुन्या नोंदी तपासल्याचा अहवाल) काढून त्याचंच आधीचं कर्ज प्लॉटवर नाही ना बघा, आणि हप्ते चेक किंवा आरटीजीएसनेच द्या. खरेदीखत कधीपर्यंत करून द्यायचं ती तारीखही नक्की घाला, कारण त्याने टाळाटाळ केली तर दाव्याची तीन वर्षांची मुदत त्या तारखेपासून मोजतात.