सव्हानाला उजाड जंगल समजू नकोस

सव्हानात, म्हणजे गवत आणि विरळ झाडांच्या प्रदेशात, पहिल्यांदा उतरशील तेव्हा झाडं मोजायचा मोह होईल. आधी खाली बघ. गवत कोणतं, किती उंच, शेवटची आग कधी लागून गेली, ते वहीत लिही. झाडं कुठे पळून जात नाहीत. जाड साल, जळल्यावर बुडातून फुटणारे धुमारे ही आगीशी जुळवून घेतल्याची लक्षणं. ब्राझीलच्या सेराडो या सव्हानात तर काही झुडपांचा मोठा भाग जमिनीखालीच असतो. अशा जागी 'हिरवाई वाढवू' म्हणून दाट रोपं लावली की सावलीने गवत मरतं. सुरुवातीला मीही अशा लागवडीत उत्साहाने खड्डे खणलेत, आता हसू येतं.

सदाहरित जंगलात मात्र उलटं. तिथे साल बहुधा पातळ, जमिनीलगतची मंद आगही झाडांना मारते.

टांझानियातल्या सेरेंगेटी या सव्हानाचं उदाहरण नीट समजून घे. १९६०च्या दशकात तिथली बुळकांडी, म्हणजे गुरांकडून रानटी प्राण्यांनाही होणारा जीवघेणा रोग, हटली आणि विल्डबीस्ट ही गवत खाणारी मोठी हरणं काही लाखांवरून १९७७पर्यंत दहा लाखांपलीकडे गेले. त्यांनी गवत फस्त केलं, आगी कमी झाल्या, झाडं वाढली. गुरांचा रोग कुठे आणि झाडं कुठे! म्हणून एका मोसमावरून निष्कर्ष काढू नकोस. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात आगीचे प्रयोग १९५४ साली सुरू झाले, आणि त्यांतून दशकानुदशकं शिकणं चालूच राहिलं.