सुट्टीत दोन दिवस वाईला जायचंय, कृष्णाबाईचा उत्सवही बघायचाय. दिवाळीत जावं की नाताळात?

तुम्ही लिहिलंय ते असं: पुण्याहून सहा जण, आई-बाबा सत्तरीच्या पुढचे, मुलं आठ आणि अकरा वर्षांची. दिवाळीची सुट्टी किंवा नाताळचा आठवडा यांतलं एक निवडायचं, जमलं तर महाबळेश्वर उरकायचं आणि त्यातच कृष्णाबाईचा उत्सव.

या दोन्हींत उत्सव सापडणार नाही. कृष्णाबाई, म्हणजे देवी मानलेली कृष्णा नदी, तिचा उत्सव माघ-फाल्गुनातला. तेव्हा शाळांना सुट्टी नसते, म्हणूनच तो अजून वाईकरांचा राहिला आहे. उत्सव तिथीवर चालतो, त्यामुळे गेल्या वर्षीची तारीख धरून खोली घेऊ नका. तारीख एरवी दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते आणि अधिक महिना आला की एकदम पुढे जाते. २०२६ मध्ये माघ १९ जानेवारीला लागला. त्याच वर्षी ज्येष्ठ अधिक आल्यामुळे २०२७ चा माघ ७ फेब्रुवारीला लागतो. आधी पंचांग उघडा, मग कॅलेंडर.

वाईत कृष्णेवर सात घाट आणि सात आळ्या: गणपती आळी, मधली आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, गंगापुरी, भीमकुंड. प्रत्येक आळीचा उत्सव वेगळा आणि ठरलेल्या तिथींना, एकीचा आटोपला की दुसरीचा. म्हणजे ‘वाईचा कृष्णाबाई उत्सव अमुक तारखेला’ असं विचारलंत तर उत्तर मिळणार नाही, ‘धर्मपुरीची कधी?’ असं विचारलंत तर लगेच मिळेल. अफझलखान वाईत येऊन बसला तेव्हा हे संकट टळावं म्हणून कृष्णामाईला नवस बोलला गेला आणि त्यातून हा उत्सव सुरू झाला, असं वाईत सांगतात. खान प्रतापगडाखाली पडला तो १० नोव्हेंबर १६५९ ला.

उत्सवात घाटावर मांडव पडतो, देवीला वाजतगाजत पालखीतून आणून तिथे बसवतात. सकाळी पूजा-अभिषेक, दुपारी बायकांची ओटी भरायला रांग, संध्याकाळनंतर कीर्तन-प्रवचन किंवा गाणं. एकच दिवस हाताशी असेल तर दुपारी चारला पोचा. ओटी निवांत होते आणि रात्रीचं कीर्तनही मिळतं. ओटीला खण, नारळ, मूठ-दोन मुठी तांदूळ, हळकुंड, सुपारी, हळद-कुंकू एवढं पुरे. साडी नेणार असाल तर प्लास्टिकच्या वेष्टनातून आधीच काढून ठेवा, आणि ओटी देवीपुढे द्या, नदीत सोडू नका. महाप्रसादाची पंगत आळीची असते. बाहेरच्याला कोणी उठवत नाही, पण मांडवातल्या कार्यकर्त्याला ‘आम्ही सहा जण आहोत, चालेल ना?’ असं आधी विचारलेलं बरं, कारण स्वयंपाक अंदाजाने केलेला असतो.

आता तुमच्या सुट्टीचं. दिवाळी आणि नाताळ यांत मी दिवाळी निवडेन, तीही लक्ष्मीपूजनाची नव्हे. त्या संध्याकाळी आणि पाडव्याला छोट्या खानावळींचे आचारी आपापल्या गावी गेलेले असतात. जे एक-दोन ठिकाण उघडं असतं तिथे पाचगणीला खोली न मिळालेली सगळी मंडळी येऊन बसलेली असतात. भाऊबीज घरी करून दुसऱ्या दिवशी निघा. फराळाचे दोन डबे आणि दशम्या बरोबर असू द्या, म्हणजे एक जेवण चुकलं तरी आजी-आजोबांची वेळ सांभाळता येते. आणि सुट्टीचा एखादा दिवस मागे ठेवता आला तर त्रिपुरी पौर्णिमा धरा. दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी येते, तेव्हा घाटावर पणत्या लागतात. दिवाळी ८ नोव्हेंबरला असेल तर त्रिपुरी २४ च्या आसपास, असा हिशोब.

पणत्या लावायला स्वतः नेणार असाल तर थोडं सविस्तर सांगतो, कारण दर वर्षी निम्म्या पणत्या अर्ध्या तासात विझलेल्या दिसतात आणि दोष वाऱ्याला दिला जातो. दोष बहुतेक वेळा कोऱ्या मातीचा असतो. नवी पणती तेल पिते. आदल्या रात्री सगळ्या पणत्या पाण्यात बुडवून ठेवा. बुडबुडे यायचे थांबले म्हणजे मातीची तहान भागली. सकाळी पालथ्या घालून वरवर सुकवा, कडक उन्हात तापवू नका. वाती घरीच तेलात भिजवून डब्यात भरून न्या. घाटावर कोरडी वात लावली की आधी कापूस जळतो, मग तेल चढतं. वातीचं टोक पणतीच्या काठाबाहेर अर्ध्या बोटापेक्षा जास्त नको. जास्त काढलं की ज्योत मोठी होते, काजळी धरते आणि वाऱ्याच्या पहिल्या झुळकीला जाते. साधारण वीस मिलिलिटर तेलात मध्यम वात दोन-अडीच तास चालते, म्हणजे पन्नास पणत्यांना एक लिटर. पायरीच्या कडेवर न मांडता वरच्या पायरीच्या पोटाशी, आतल्या कोनात मांडा. तिथे वारा कमी आणि कोणाच्या ओढणीचा किंवा पदराचा स्पर्शही होत नाही. निघताना सांडलेलं तेल जुन्या फडक्याने पुसा. काळ्या दगडावर सांडलेलं तेल रात्री दिसत नाही, पहाटे स्नानाला आलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या पायाला मात्र सापडतं.

वाई बघायची सोपी रीत म्हणजे नदीच्या उलट्या दिशेने जायचं: आधी गावातले घाट, मग मेणवली, मग धोम. तिन्ही कृष्णेच्याच काठी आहेत, मेणवली तीनेक किलोमीटरवर आणि धोम आठ-नऊ. एका दिवसात आरामात होतं. लोक उलटं करतात, म्हणजे आधी महाबळेश्वर आणि परतीच्या संध्याकाळी अंधारात ढोल्या गणपती, आणि मग ‘वाईत बघण्यासारखं एक देऊळ आहे’ असं सांगतात.

गणपती घाटावर सकाळी साडेसहा-सातला पोचा. नऊनंतर डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहलींच्या एसट्या यायला लागतात. संकष्टी आणि मंगळवार टाळा, अंगारकी तर टाळाच. ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२ मध्ये गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधलं. दर्शन झाल्यावर तसंच परत फिरू नका, देवळाला वळसा घालून मागे जा. मागची भिंत सपाट नाही, माशाच्या आकाराची निमुळती बांधलेली आहे. पुराचं पाणी तिच्यावर आपटण्याऐवजी दोन बाजूंना फाकतं. देऊळ नदीच्या पात्रालगत इतकं खाली असूनही अडीचशेहून जास्त पावसाळे टिकलं, त्यामागे ही भिंत आहे. मुलांना ती दाखवायची तर कागदाच्या दोन घड्या करा, एक चपटी आणि एक टोकदार, आणि नळाखाली धरा. शेजारचं काशीविश्वेश्वर १७५७ चं, तेही रास्त्यांचंच. तिथला काळा नंदी इतका गुळगुळीत घोटलेला आहे की सकाळच्या तिरप्या उजेडात त्याच्या गळ्यातली दगडी माळ आणि घंटा वेगळ्या घडवून घातल्यासारख्या दिसतात. दुपारी हाच नंदी नुसता काळा दिसतो.

आई-बाबांसाठी एकच सूचना: वरच्या चार-पाच पायऱ्यांवर बसा, पाण्याला लागून असलेल्या पायऱ्यांवर नको. धोम धरणातून पाणी सुटलं की पातळी वरखाली होते आणि जी पायरी काल पाण्याखाली होती ती आज कोरडी दिसली तरी तिच्यावर शेवाळाचा पातळ थर असतो. रबरी तळ गुळगुळीत झालेल्या चपलांनी घसरणारे इथे जास्त. घाटाला कठडा नाही, पायऱ्या उंच आहेत, काठी बरोबर ठेवा.

मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागे नदीवर चंद्रकोरीसारखा घाट आहे. सहा चौकांचा हा वाडा खासगी मालकीचा आहे, तेव्हा कुठवर आत सोडतात ते दारातच विचारा, बंद दालनांची कडी वाजवू नका. मराठी इतिहासाच्या अभ्यासकांना नानांच्या कागदपत्रांमुळे ‘मेणवली दप्तर’ हे नाव ठाऊक असतं. बाकीच्यांना घाट ‘स्वदेस’मुळे ओळखीचा वाटतो. घाटावर मेणेश्वराचं देऊळ आणि त्याजवळ टांगलेली मोठी घंटा आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हा मराठ्यांनी पोर्तुगीजांच्या चर्चांतल्या घंटा आणल्या, त्यांतली ही एक. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. नाताळच्या सुट्टीतच जाणार असाल तर मुलांना महादेवाच्या देवळाजवळची ही मेरी शोधायला लावा, पंधरा मिनिटं छान जातात. घाट उतरायला सोपा वाटतो, चढताना गुडघे बोलतात. ज्यांना त्रास आहे त्यांनी घंटेपाशीच थांबावं. घाट तिथूनही दिसतो.

धोमला धरणाच्या भिंतीपेक्षा गावातलं देऊळ बघा. महादेवासमोरचा नंदी कासवाच्या पाठीवर बसवलेला आहे आणि ते कासव कमळाच्या आकाराच्या दगडी कुंडात. कुंडात पाणी असलं की कासव तरंगतंय असं वाटतं. नसलं की गंमत निम्मी होते, आधीच सांगून ठेवतो. जलाशयात पाय बुडवायलाही उतरू नका. काठावरचा गाळ वरून वाळलेला दिसतो आणि आत गुडघाभर पाय जातो.

महाबळेश्वर. इथे माझं मत थोडं कडू लागेल: दिवाळीच्या किंवा नाताळच्या आठवड्यात दोन दिवसांच्या सहलीत ते घालूच नका. वाई ते पाचगणी बारा-तेरा किलोमीटर आणि पुढे महाबळेश्वर धरून बत्तीस. एरवी तासाभराचा रस्ता. २५ डिसेंबर ते १ जानेवारी या दिवसांत पसरणी घाटातच दोन-दोन तास जातात. सकाळी दहा ते एक वर चढणारे आणि संध्याकाळी पाच ते आठ खाली उतरणारे, असे गर्दीचे दोन लोंढे असतात. मुलांनी हट्टच धरला तर पाचगणीचं टेबल लँड करा: वाईहून साडेसहाला निघा, नऊपर्यंत पठारावर हिंडा, दहाच्या आत घाट उतरा. उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवा. ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्यांच्या चाकांना शेवटच्या वळणांवर जळका वास येतो आणि मग ते वळणावरच गाडी उभी करतात. घाटातला निम्मा खोळंबा असाच होतो. मुलांना वर जाताना दूध देऊ नका, सुका चुरमुरा द्या.

स्ट्रॉबेरीचंही तसंच. दिवाळीत खरा हंगाम लागलेला नसतो, चव जानेवारी-फेब्रुवारीत येते. घेताना पेटीतली वरची रांग बघू नका, पेटी उचलून तळ बघा. तळाला लाल ओल असेल तर खालची फळं दबलेली आहेत. देठाशी पांढरा पट्टा असलेलं फळ घरी नेऊन पिकत नाही, आंबटच राहतं. धुवायचं ते खायच्या आधी. धुऊन डिकीत ठेवलेली पेटी पुण्यापर्यंत पोचत नाही, तिचा गर पोचतो.

जानेवारीत जाणाऱ्यांनी आणखी एक तारीख टाळावी. वाईहून वर मांढरदेवीला काळूबाईची यात्रा पौष पौर्णिमेला भरते (२०२७ मध्ये २२ जानेवारीच्या आसपास). आधीनंतरचे काही दिवस त्या रस्त्यावर आणि वाईच्या नाक्यांवर गाडीला वाट नसते. २५ जानेवारी २००५ ला तिथल्या चेंगराचेंगरीत अडीचशेहून जास्त माणसं गेली. लहान मुलं आणि वृद्ध घेऊन ‘वाटेवर आहे तर जाऊन येऊ’ म्हणण्याची ती जागा नाही, निदान त्या दिवसांत तरी.

येण्याबद्दल: पुण्याहून साधारण नव्वद किलोमीटर. महामार्गावरून सुरूर फाट्याला उजवीकडे वळलात की दहा-अकरा किलोमीटरवर वाई. सलग सुट्टीच्या पहिल्या सकाळी खंबाटकी घाटात गाड्या तापून उभ्या असतात, म्हणून पहाटे पाचला निघा किंवा सरळ दुपारी दोननंतर. गाडी नसेल तर स्वारगेटहून महाबळेश्वरची एसटी वाईवरून जाते, पण सुट्टीत ती भरलेलीच येते, आरक्षण करा. गावात घाटाकडच्या आळ्या अरुंद आहेत, मोठी गाडी आत घातलीत तर मागे घेत यावं लागेल. मुख्य रस्त्यालगत ठेवून चालत जा, पाच-सात मिनिटांचं अंतर आहे.

आणि दिवाळीतच गेलात तर आळ्यांतून चालताना अंगणांतले किल्ले बघायला विसरू नका. पांडवगड, वैराटगड, केंजळगड आणि कमळगड आजूबाजूलाच उभे असलेल्या गावातली पोरं मातीचा किल्ला करतात, तेव्हा बुरूज कुठे आणि दरवाजा कुठे यावरून त्यांची भांडणं होतात. तुमच्या अकरा वर्षांच्या मुलाला त्यांच्यात सोडा आणि तुम्ही आई-बाबांबरोबर घाटावर चहा घ्या.