शब्दकोड्यात ‘च्या’ची गाणी

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात मराठी गाण्यांचं शब्दकोडं ठेवायचं आहे. अकरा बाय अकराची चौकट आखली, सर्वांच्या आवडीची नऊ गाणी निवडली, पण तिसऱ्याच गाण्याला गाडी अडली. ‘अप्सरा आली’मधला ‘प्स’ कुठल्याच उभ्या शब्दात बसत नाही. काय चुकतंय? – एक वाचक, सातारा

उत्तर : ‘प्स’ला ‘चिप्स’ आहे की! पण चुकतंय ते वेगळंच. तुम्ही आवडीची गाणी निवडलीत. मी आधी अक्षरं निवडते.

मराठी कोड्यात एका घरात अख्खं अक्षर जातं, काना-मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षर सगळं मिळून. त्यामुळे दोन गाणी एकमेकांना छेदायची तर अक्षर हुबेहूब तेच लागतं. ‘रा’च्या घरात ‘र’ खपत नाही. चौकडीच्या वहीत गाण्यांच्या पहिल्या ओळी घरं पाडून लिहा, म्हणजे एखादं अक्षर आपणच डोळ्यांत भरतं. मला मागे ‘च्या’ असं सापडलं. मेंदीच्या पानावर, रेशमाच्या रेघांनी, ऐरणीच्या देवा, केतकीच्या बनी तिथे, भातुकलीच्या खेळामधली. पाच गाणी, धागा एकच, आणि मंडपात चहा फिरत असताना ‘च्या घ्या’ हा मथळाही आयता!

आता पेन्सिल घ्या. ‘मेंदीच्या पानावर’ आडवं लिहा. त्याच्या तिसऱ्या घरातल्या ‘च्या’तून ‘रेशमाच्या रेघांनी’ उभं सोडा, तिथे तो चौथा. ‘ऐरणीच्या’ आणि ‘केतकीच्या’ दोन्हींत ‘च्या’ चौथाच, त्यांची जोडी दुसऱ्या कोपऱ्यात. उरलं ‘भातुकलीच्या खेळामधली’, दहा घरांचं धूड. त्याच्या ‘च्या’ला शब्द मिळेना म्हणून मी दोन संध्याकाळी घालवल्या. शब्दकोशात ‘च्या’चे शब्द जवळजवळ नाहीतच, आणि जो पटकन तोंडात येतो तो गणपतीसमोर लिहिता येत नाही. शेवटी भाजी निवडताना सुचला : ‘वरच्यावर’. क्लू दिला, ‘चेंडू झेलला तो असा’. पाच गाण्यांनी मिळून एकशे एकवीसपैकी छत्तीस घरं खाल्ली. अकराच्या चौकटीत याहून जास्त गाणी कोंबू नका.

अनुस्वाराला मात्र जपा. ‘रेघांनी’तला ‘घां’ मी एकदा ‘घागर’शी जुळवला आणि छापूनही दिला. आठवड्यात पोस्टकार्ड आलं : ‘बाई, बुगडी सांडलेली ऐकली होती, अनुस्वार कधी सांडला?’ तेव्हापासून ‘घां’च्या दोन्ही बाजूंना काळी घरं. ऱ्हस्व-दीर्घाचंही तेच. ‘ही चाल तुरुतुरु’ कुणी शेवटी ऱ्हस्व लिहितं, कुणी दीर्घ, म्हणून त्या घरातून दुसरा शब्द काढायचाच नाही.

आपल्याकडे गाण्याला वेगळं नाव क्वचितच असतं. ध्रुवपदाची पहिली ओळ हेच नाव, मग ती कुठे तोडायची ते तुम्ही ठरवा आणि क्लूपुढे अक्षरसंख्या द्या. ‘ऐरणीच्या देवा’ला (४, २) दिलं नाही, तर कुणीतरी ‘तुला’सकट भरायला जाईल आणि घरं कमी पडली म्हणून तुमच्याशी भांडेल.

क्लूत गायक-संगीतकारांची नावं ओतली की ती सामान्यज्ञानाची परीक्षा होते. ‘आशा भोसले यांचे गीत’ हा काय क्लू झाला? ‘रेशमाच्या रेघांनी’ला मी ‘कर्नाटकी कशिद्याचं सामान’ दिलं होतं. ‘मेंदीच्या पानावर’ला ‘सुरेश भटांचं मन अजून झुलतं ते इथे’. ‘ऐरणीच्या देवा’ला एवढंच : ‘लोहाराघरची प्रार्थना, १९६५’. ‘साधी माणसं’ हा चित्रपट आठवणाऱ्यांना तेवढं पुरतं, आणि त्याचं संगीत आनंदघन या नावानं लताबाईंचं होतं, हे बक्षीस देताना माइकवरून सांगा.

शेवटची चाचणी गाणी न ऐकणाऱ्या माणसावर करा. माझी नणंद या कामाला उत्तम, तिला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. तिनं ‘ऐरणी–केतकी’चा कोपरा कोराच ठेवला. दोन्ही गाणी अनोळखी, आणि छेदतात ती एकमेकांनाच, मग बिचारी शिरणार कुठून? तिथे ‘तवा’, ‘बदाम’, ‘रजई’ असे तीन-चार घरगुती उभे-आडवे शब्द घातले, तेव्हा कोपरा सुटला.

‘अप्सरा’ला यंदा बाहेरच बसवून ठेवा. तिच्यात ‘च्या’ नाही.